न विरघळलेली गाठ

माझ्या थोरल्या बहिणीच्या फुफ्फुसाकडं जाणाऱ्या मुख्य धमनीतली गाठ रक्ताची नव्हती, हे यंदाच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी, बेळगावात समजलं. डिसेंबरपासून तिच्यावर रक्ताची गाठ म्हणून उपचार चालू होते.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. डॉक्टर, माझे दाजी आणि मी. आक्का बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडचं डिसेंबरचं, उजवीकडचं ताजं. हृदयातून निघून पुढं दोन फांद्यांनी दोन्ही फुफ्फुसांत जाणारी जाड धमनी दोन्ही चित्रांत पांढरी दिसत होती आणि तिच्या आत एक करडा भाग होता. डिसेंबरमध्ये तो एका बाजूला चिकटून होता. मार्चमध्ये त्यानं जवळजवळ सगळी वाट अडवली होती आणि तो उजव्या फांदीत शिरला होता.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना रक्ताची गाठ अशी वाढत नाही," डॉक्टर म्हणाले. "पायाच्या शिरांत आपल्याला काही मिळालं नव्हतं, तेव्हाच जरा वेगळं वाटलं होतं. आता पेट स्कॅनमध्ये हा भाग उजळलाय. रक्ताची गाठ उजळत नाही. धमनीला आतून अस्तर असतं. हे त्या अस्तरातून आलंय. कॅन्सर आहे. सार्कोमा म्हणतात याला."

"रक्ताच्या नळीला कॅन्सर हुतो?" दाजींनी विचारलं.

"होतो. फार क्वचित. मी पुस्तकात वाचलाय. समोर आलेला हा पहिला."

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. छाती उघडून, हृदयाचं काम यंत्रावर घेऊन, धमनी आतून सोलून काढावी लागेल. ते बेळगावात होणार नाही, बेंगळुरूला जावं लागेल. नक्की निदान काढलेल्या गाठीच्या तपासणीत होईल. हृदयाची उजवी बाजू पुढं रक्त ढकलून थकत चालली आहे, त्यामुळं जे करायचं ते काही आठवड्यांत करायला हवं. महिने हातात नाहीत.

दाजी म्हणाले, "डॉक्टर, एक विनंती हाय. तिच्यासमोर त्यो शब्द काढू नका."

मी म्हणालो, तिला सांगितल्याशिवाय ती ऑपरेशनला तयार होणार नाही.

"पावणं, तुमच्या पेपरात काय सांगायचं ते तुमी ठरवा," दाजी म्हणाले. "घरात काय सांगायचं ते मी ठरवतो. आमच्या आत्तीला सांगितलं आन् तिनं त्या दिवसापासनं अन्न सोडलं. मी बघितलंय ते."

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी तिथले सर्जन सांगणारच. तोवर तुमचं तुम्ही बघा."

निपाणीत खोकल्याला तंबाखू हे एकच कारण धरलं जातं. दाजींची तंबाखूची वखार आहे. खाली वखार, वर घर. माल उघडायचे दिवस आले की जिन्यापर्यंत बारीक धूळ येते आणि सगळ्यांना ठसका लागतो. आक्का बेळगावहून लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हापासून तिला तो लागायचा. त्यामुळं गेल्या ऑक्टोबरात ती खोकायला लागली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणायच्या, "पंचवीस वरसं झाली, अजून तुला आमची तंबाखू मानवली न्हाय व्हय गं?" आक्का म्हणायची, "माणसं मानवली, तेवढं बास झालं."

ती निपाणीजवळच्या एका गावात सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा मराठी माध्यमाची आहे. शिकवायचं मराठीत, पण वरच्या कार्यालयाशी होणारा सगळा व्यवहार कन्नडात. हजेरी, रजा, पुस्तकांची मागणी, शाळेच्या गळक्या छपराची तक्रार, सगळं. हे काम शाळेत आक्काकडं आहे, कारण बाकीच्यांपेक्षा तिचं कन्नड बरं आहे. बेळगावात आम्ही ज्या बोळात वाढलो तिथं अर्धी घरं कन्नड होती.

निपाणीच्या डॉक्टरांनी आधी दम्याचा पंप दिला. नोव्हेंबरात ती शाळेचा जिना मध्ये थांबून चढायला लागली. डिसेंबरात सकाळच्या प्रार्थनेला उभी असताना खाली बसली आणि तिला उठता आलं नाही. निपाणीची माणसं मोठ्या दवाखान्यासाठी कोल्हापूरला जातात, ते जवळ पडतं. आक्काला बेळगावला आणलं, कारण मी तिथं नोकरीला आहे.

तेव्हा पहिला स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "आक्का, फुफ्फुसाच्या शिरेत रक्ताची गाठ आहे. घाबरू नका. गोळ्यांनी विरघळते."

दाजींनी त्याच संध्याकाळी फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं, "गाठ हाय, पर रक्ताची हाय. दुसरी न्हाय." पलीकडून प्रत्येकानं सुटकेचा श्वास सोडला असणार, कारण दाजींना तेच वाक्य कुणालाही दोनदा सांगावं लागलं नाही.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. आमच्याकडं नियम आहे की रक्त गोठून झालेली ती गुठळी आणि पेशी वाढून झालेली ती गाठ. बातमीत मी तो पाळतो. घरात, दवाखान्यात, बाजारात गुठळी असं कुणी म्हणत नाही. दोन्हीला गाठच म्हणतात.

डिसेंबर ते मार्च आक्कानं डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. गोळी ठरल्या वेळेला. मेथी, पालक, शेपू बंद, कारण पालेभाज्यांनी त्या गोळीचा जोर कमी होतो. रक्त किती पातळ झालंय याची तपासणी वेळच्या वेळी. घरात रोज त्या गाठीची चौकशी व्हायची, जशी एखाद्या पाहुण्याची होते. शेजारच्या काकू विचारायच्या, "किती इरघळली गं?" आक्का म्हणायची, "चाललीय तिच्या तिच्या चालीनं." फेब्रुवारीत तिचे पाय सुजायला लागले. वजन उतरलं होतं. तेही पथ्यावर ढकललं गेलं.

मंगळवारच्या त्या भेटीनंतर दाजींनी तिला गाडीत एवढंच सांगितलं की गाठ मोठी झाली आहे आणि बेंगळुरूला ऑपरेशन करून काढायची आहे. ती त्यावर बोलली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, निपाणीच्या घरात. मी मुद्दाम गेलो होतो.

"मोठी झाली म्हंजे? गोळ्या घेतोय की मी." निपाणी-कोल्हापूरकडं बायका स्वतःबद्दल घेतो, जातो असंच बोलतात.

"गोळ्या लागू पडंनात," दाजी म्हणाले.

"मग गोळी बदला म्हणावं. छाती फोडायची कशापायी? इरघळणारी हाय म्हणालेते न्हवं?"

"आता कापायलाच पाहिजे म्हणतात."

"कोण म्हणतंय? ज्यांनी इरघळती म्हणून सांगितलं तेच?"

यात चूक काही नव्हतं. तिला दिलेल्या माहितीवरून कुणीही हेच म्हणालं असतं. ती श्वास घ्यायला थांबली. मग म्हणाली, "सातवीच्या पोरांची परीक्षा हाय. एप्रिलात सुट्टी लागली की बघू."

मी म्हणालो, "आक्का, ही गोळीनं जाणारी गाठ नाही."

"का न्हाय?"

दाजी माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "खूप मोठी झालीय."

"मग मोठी गोळी द्या. तुला रोज बातम्या कापायची सवय हाय. माझी छाती न्हाय कापायची."

दाजी हसले. तीही हसली आणि त्या हसण्यानं तिला एवढा खोकला आला की पाणी द्यावं लागलं.

बेंगळुरूच्या रुग्णालयानं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली वेळ दिली होती. रुग्णाचा होकार कळवा, नाहीतर ती वेळ दुसऱ्याला जाईल, असं त्यांनी सांगितलं होतं. मी रोज फोन करायचो. दाजी रोज सांगायचे, "बोललोय, बघूया." आक्का आता घराचा जिना उतरत नव्हती. शाळेतून रजा घेतली होती, पण उत्तरपत्रिका घरी मागवून घेतल्या होत्या. आडवं झालं की दम लागायचा म्हणून ती भिंतीला उश्या लावून बसून झोपायची. दाजी दुपारभर खाली वखारीत असायचे. त्या दिवसांत तिथं काही काम नव्हतं. मी एकदा गेलो तेव्हा ते पोत्यांच्या थप्पीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "सांगितलं आन् ती खचली, तर तुमी येणार हाय व्हय भरवायला?"

बेंगळुरूची वेळ गेली. होकार कळवला गेला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला तिला पुन्हा बेळगावला नेलं. डॉक्टरांनी तिला स्वतः समजवावं, असं दाजींचं आणि माझं ठरलं होतं. त्यातही तो शब्द न काढता. आधी हृदयाची सोनोग्राफी झाली. खोलीत एक तरुण डॉक्टर होता. तो नुकताच रुजू झाला होता, धारवाडकडचा, आणि त्याला मराठी येत नव्हतं. फाईल चाळून त्यानं मोठ्या डॉक्टरांना कन्नडात विचारलं की रक्त गोठल्याची केस आहे, तर ऑपरेशन कशासाठी? त्यानं वापरलेला शब्द होता हेप्पु.

मोठे डॉक्टर यंत्रावरून नजर न काढता म्हणाले, "हेप्पल्ल. गड्डी ऐति."

मग आक्काकडं वळून मराठीत म्हणाले, "आक्का, गाठ फार मोठी झालीय. माझं ऐका, ऑपरेशन करून घ्या."

"बरं," आक्का म्हणाली. "विचार करतो."

परतीच्या वाटेवर दाजी गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आक्का मागं उशी घेऊन ताठ बसलेली. संकेश्वरला दाजींनी हमरस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. आक्काला उतरणं जमणार नव्हतं म्हणून चहा गाडीतच आणला. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर जवळून गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"अवं," ती दाजींना म्हणाली, "कांद्याला कन्नडात काय म्हणत्यात?"

"उळ्ळागड्डी."

"आन् बटाट्याला?"

"आलूगड्डी. सातवीची परीक्षा माझी घ्यायलीस व्हय?"

"गड्डी म्हंजे काय मग?"

"गड्डी म्हंजे…" दाजींनी चहाचा घोट घेतला. त्यांचं कन्नड बाजारापुरतं आहे. "जमिनीत फुगून वाढतंय ते. कंद."

"आन् हेप्पु?"

"ते न्हाय ठावं."

"विरजण," आक्का म्हणाली. "दुधाला हेप्पु लावलं की दही. रक्त तसं झालं की आपण गाठ म्हणतो. ती इरघळती. डिसेंबरात रजेचा अर्ज मीच लिवला. रक्त हेप्पुगट्टिदे, असं लिवलं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटात बी तेच हुतं." ती थांबली. श्वास घेतला. "आज ते काय म्हणाले? हेप्पल्ल. गड्डी ऐति. म्हंजे इरजलेलं न्हाय. वाढणारं हाय. माझ्या तोंडावर म्हणाले. मराठी बाईला काय कळतंय म्हणून."

दाजींनी गाडीच्या टपावर ग्लास ठेवला आणि परत उचलला.

"कॅन्सर हाय?"

"तसं कायतरी म्हणाले. नक्की न्हाय अजून," दाजी म्हणाले.

"तू सांग," ती मला म्हणाली.

मी म्हणालो, "हो. धमनीच्या आतल्या अस्तराचा. नक्की ऑपरेशननंतर कळेल, पण डॉक्टरांना शंका नाही."

"कवापासनं ठावं हाय?"

"गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारपासून."

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "आन् मी सुट्टीत बघू, सुट्टीत बघू म्हणत बसलो. तुमी दोघं ऐकत बसला."

"तुझ्यासाठीच केलं," दाजी म्हणाले. "आत्तीनं आमच्या अन्न सोडलं हुतं. समजल्या दिवशी सोडलं."

"आत्तीला घशाचा हुता," आक्का म्हणाली. "तिला गिळताच येत न्हवतं. तुमची आई मला सांगायची, शेवटी पाणी बी जात न्हवतं म्हणून. अन्न काय सोडती ती. तुमाला हे कुणी सांगितलं न्हाय व्हय इतकी वरसं?"

आत्या वारली तेव्हा दाजी शाळेत शिकत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या घरात कुणी घशाचा उल्लेख केल्याचं त्यांना आठवत नाही.

आक्कानं फोन काढला आणि मुख्याध्यापिकेला लावला. तपासून झालेल्या उत्तरपत्रिका घेऊन जायला कुणालातरी पाठवा, उरलेल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. ती म्हणाली, "ऑपरेशन हाय, बाई. न्हाय, सुट्टीत न्हाय. आत्ताच." मग फोन माझ्याकडं दिला. "बेंगळुरूला लाव."

पुढची वेळ आठवड्याभरानंतरची मिळाली. ती तोपर्यंत घरी राहू शकली नाही. तिसऱ्या दिवशी ओठ निळसर दिसायला लागले आणि तिला बेळगावच्या रुग्णालयात ऑक्सिजनवर ठेवलं. गोळ्या बंद करून त्याऐवजी इंजेक्शनं सुरू केली, कारण पातळ रक्तावर एवढी मोठी शस्त्रक्रिया करता येत नाही. बेंगळुरूला ती रुग्णवाहिकेनं गेली, बसून. दाजी तिच्याबरोबर आणि मी मागच्या गाडीत. हुबळीच्या अलीकडं रुग्णवाहिका रस्त्याच्या कडेला थांबली. मी उतरून धावत गेलो. ऑक्सिजनचं सिलिंडर बदलत होते.

सर्जन साठीच्या आसपासचे होते, म्हैसूरकडचे. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, मग हिंदीत चालेल का विचारलं. आक्कानं कन्नडात बोला म्हणून सांगितलं. ते खुर्ची ओढून तिच्या खाटेजवळ बसले आणि बराच वेळ बोलले. दाजी पायथ्याशी उभे होते. मी खिडकीजवळ होतो. मला कन्नड येतं.

सर्जनांनी सांगितलं की गाठ धमनीच्या भिंतीतून बाहेर गेली असेल तर उजवं फुफ्फुस काढावं लागेल. काही रुग्णांचं हृदय यंत्र बंद केल्यावर पुन्हा नीट चालत नाही आणि तिचं आधीच थकलेलं आहे, तेव्हा ते ऑपरेशनच्या टेबलावरच बंद पडू शकतं. सगळं नीट निघालं तरी या आजाराचा परत येण्याकडं कल असतो. ऑपरेशन केलं नाही तर ती मे महिना बघेल असं त्यांना वाटत नव्हतं. आक्कानं दोन प्रश्न विचारले. एका फुफ्फुसावर जिना चढता येतो का? येतो, सावकाश. आणि गाठ कधी सुरू झाली असेल? ते सांगता येणार नाही, पण डिसेंबरच्या आधी.

"तंबाखूनं?" तिनं विचारलं.

"नाही," सर्जन म्हणाले. "तंबाखूशी याचा संबंध दिसलेला नाही."

ते गेल्यावर दाजींनी विचारलं, "काय म्हणाले?"

"तुमच्या वखारीनं झालं न्हाय म्हणाले."

"आन्?"

"धोका हाय म्हणाले. पर करतात म्हणाले."

"एवढा वेळ बोलत हुते की."

"कन्नड लांबडी भाषा हाय," आक्का म्हणाली.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यात काही भर घातली नाही. सही तिनं स्वतः केली, कन्नडात.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. नातेवाइकांच्या दालनात एका पडद्यावर रुग्णांचे क्रमांक आणि पुढं त्यांची अवस्था दिसायची. आक्काच्या क्रमांकापुढं दुपारपर्यंत काही बदललं नाही. दाजी दर थोड्या वेळानं उठून पडद्याखाली जाऊन उभे राहायचे, जवळून वाचलं की वेगळं दिसेल अशा रीतीनं. दुपारनंतर एक परिचारिका आली आणि हिंदीत सांगून गेली की गाठ काढून झाली आहे, यंत्र बंद करायचा एक प्रयत्न झाला, हृदय टिकलं नाही म्हणून पुन्हा यंत्रावर घेतलं आहे. थोडा वेळ देऊन परत प्रयत्न करतील.

दाजी म्हणाले, "टिकलं न्हाय म्हंजे?"

"बंद पडलं नाही. एकट्यानं काम करू शकलं नाही."

"आन् दुसऱ्यांदा बी न्हाय टिकलं तर?"

मी म्हणालो, माहीत नाही. ते खरं होतं. सर्जनांनी किती वेळा प्रयत्न करतात ते सांगितलं नव्हतं.

दाजी खाली जाऊन उभे राहिले, फाटकाजवळ. मी दालनात थांबलो. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला पडद्यावरची ओळ बदलली आणि तिच्यापुढं अतिदक्षता असा शब्द आला. मी दाजींना फोन केला. ते वर आले तेव्हा सर्जन आमच्याशी बोलायला बाहेर आलेले होते. या वेळी ते हिंदीत बोलले. दुसऱ्या प्रयत्नात हृदय चाललं होतं. मुख्य धमनीतली आणि उजव्या फांदीतली गाठ निघाली होती. धमनीच्या भिंतीचा एक भाग कापून तिथं जनावराच्या हृदयावरच्या पडद्याचं ठिगळ लावलं होतं. डाव्या फांदीच्या तोंडाशी अस्तर सोलून काढलं होतं. उजवं फुफ्फुस ठेवलं होतं.

सर्जन आत गेले. दाजी तिथंच उभे होते.

"फुफ्फुस ठेवलं म्हंजे? काढणार हुते?"

"गरज पडली तर," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"काल सर्जन बोलले तेव्हा."

"म्हंजे तिला ठावं हुतं."

"होतं."

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला. "आन् काय म्हणाले हुते काल?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, ज्या क्रमानं सर्जन बोलले होते त्या क्रमानं. झाल्यावर ते म्हणाले, "लांबडी भाषा हाय म्हणाली मला."

आक्काच्या नळ्या दोन दिवसांनी काढल्या. तिचं पहिलं बोलणं समजलं नाही, घसा बसला होता. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "दोन्ही हायत?" दाजी म्हणाले, "दोन्ही हायत." ती कशाबद्दल विचारते आहे हे त्यांना आता माहीत होतं.

तपासणीचा अहवाल महिनाअखेरीला आला. धमनीच्या आतल्या अस्तरातून वाढलेला सार्कोमा, हे निदान कायम झालं. मुख्य धमनीकडच्या कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. डाव्या फांदीच्या कडेबद्दल खात्रीनं सांगता येत नाही, असं त्यात होतं. मेमध्ये ऑपरेशननंतरचा पहिला स्कॅन झाला, त्यात दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ होती. त्याच महिन्यात बेळगावात औषधांचा पहिला डोस दिला. केस गेले. काकूंनी रेशमी स्कार्फ आणून दिला आणि म्हणाल्या, "ह्यात तू आमच्या वखारीची मालकीण वाटतीस बघ." आक्का म्हणाली, "मालकीणच हाय मी. तुमी भाडं कधी देताय?" काकूंचं घर त्यांचं स्वतःचं आहे.

शाळा उघडली तेव्हा ती गेली नाही. जुलैत औषधांचा चौथा डोस झाला. घराचा जिना ती आता एकदा थांबून चढते. कन्नडातले अर्ज मुख्याध्यापिका तिला फोनवर वाचून दाखवतात आणि ती दुरुस्त करून देते.

ऑगस्टमध्ये दुसरा स्कॅन झाला. अहवालाचं पाकीट बेळगावच्या दवाखान्यात आक्काच्याच हातात दिलं, आणि तिनं ते आम्हा दोघांसमोर उघडून मोठ्यानं वाचलं. मुख्य धमनी मोकळी आहे. उजवी फांदी मोकळी आहे. डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात एक ठिपका आहे, जो मेमधल्या स्कॅनमध्ये नव्हता. तो कशाचा आहे हे त्याच्या आकारावरून सांगता येत नाही, असं अहवालात लिहिलं आहे.